वसुली मुलांच्या पगारातून होत नाही

मयत पेन्शनरला जादा गेलेली रक्कम मुलांनी स्वतःच्या खिशातून भरायची, असं एका लेखात वाचलं; ते वाक्य चूक आहे आणि घाबरवणारं आहे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 50 व 52 नुसार वारसाची जबाबदारी मयताकडून हाती आलेल्या मालमत्तेपुरतीच असते. मृत्यूनंतर खात्यावर पडलेली पेन्शन परत द्यावी लागते, त्यात वाद नाही.

साताऱ्यात आमचे अण्णा गेले आणि बँकेने जुन्या वेतननिश्चितीची (नोकरीतला पगार ठरवतानाची) चूक काढून आईच्या कुटुंब निवृत्तिवेतनातून कपात करू म्हणून सांगितलं. आम्ही महिनावार हिशोब आणि आदेशाची प्रत लेखी मागितली. निवृत्तांकडून अशी वसुली सर्वोच्च न्यायालयाने 2014 च्या रफिक मसीह निकालात अयोग्य ठरवली आहे. जादा रक्कम परत देऊ असं हमीपत्र कर्मचाऱ्याने दिलं असेल तर मात्र गोष्ट वेगळी. हा हिशोब मिटेपर्यंत मयताच्या ठेवी वाटून घेऊ नका.