इलेक्शन ड्युटी नाकारा म्हणणारा मेसेज अर्धाच आहे
नाशिकच्या शिक्षकांच्या ग्रुपांवर एक स्क्रीनशॉट फिरतोय : "आरटीई कलम २७ नुसार शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही, इलेक्शन ड्युटी नाकारा." शिक्षण हक्क कायद्याचं (आरटीई) हे कलम खरं, पण पिवळ्या रंगाने रंगवलेली ओळ मध्येच कापलीय. दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि स्थानिक संस्था, विधिमंडळ, संसदेच्या निवडणुका ही कामं त्याच वाक्यात पुढे या बंदीतून वगळली आहेत. नकार दिलात तर नोटीस तुम्हाला येईल, फॉरवर्डवाल्याला नाही.

मतदार यादीच्या कामाचं मात्र वेगळं. ते सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी करून घ्या, असं सुप्रीम कोर्टाने २००७ मध्ये सांगितलंय. चालू तासावरून उठवलं तर बोट ठेवायचं ते इथे.

सिंहस्थ कुंभमेळ्याच्या ड्युटीचं विचारताय? कलमाने बंदीतून वगळलेल्या कामांत यात्रा-मेळ्यांचा उल्लेख नाही.