जावक चालू, आवक बंद

आमच्या घरात पाच रिमोट होते आणि पाचांचेही स्वभाव सगळ्यांना पाठ होते. टीव्हीचा रिमोट पाठीत दोन थापा खाल्ल्याशिवाय आवाज कमी करत नसे. डिशच्या रिमोटचं मागचं झाकण कुठल्याशा दिवाळीच्या साफसफाईत गेलं, तेव्हापासून त्याचे सेल सेलोटेपनं बांधलेले. साऊंडबारचा रिमोट इतका चपटा, की तो कायम सोफ्याच्या फटीत. एसीचा रिमोट ही आपल्या उशाशी ठेवते आणि कोणाला हात लावू देत नाही. पाचवा पंख्याचा. आता पंखेही रिमोटवर आलेत. साधा पंखा 75 वॅटच्या आसपास वीज खातो, हा बीएलडीसी मोटरचा, तिशीत भागवतो म्हणून घेतला. पाचही रिमोट ज्या प्लास्टिकच्या पिशव्यांतून आले त्याच पिशव्यांत, वरून रबरबँड. सेल संपत आले की काढायचे, हातावर चोळायचे, फिरवून परत बसवायचे. चालतात.

यात बिघडलेलं काहीही नव्हतं. पण बंगळुरूहून साताऱ्याला सुट्टीवर आलेल्या मुलाला टीपॉयवर ही पाच बोचकी एका रांगेत दिसली आणि त्याला आमची दया आली. मुलांना दया आली की घरी पार्सल येतं.

पार्सलातून एक काळी गोल डबी निघाली. तिला हब म्हणतात. ती हॉलमध्ये ठेवायची, मोबाईलवर तिचं अ‍ॅप घ्यायचं आणि पाचही रिमोट माळ्यावर टाकायचे, अशी योजना होती. व्हिडिओ कॉलवर मुलगा आणि इकडे मी, अशी स्थापना सुरू झाली. पहिला खोळंबा वायफायनंच केला. आमचा राऊटर 2.4 आणि 5 गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालतो. डबीला फक्त 2.4 समजतो आणि माझा मोबाईल 5 वर बसलेला. दोघंही एकाच हॉलमध्ये, एकमेकांना ओळख देईनात. ते जुळलं तेव्हा अ‍ॅपनं कंपन्यांची यादी पुढे केली. तीत जगातल्या यच्चयावत कंपन्या होत्या, आमच्या पंख्याची सोडून.

"हरकत नाही बाबा, आपण तिला शिकवू," मुलगा म्हणाला. मग जुना रिमोट डबीसमोर धरून मी एकेक बटण दाबत गेलो आणि ती शिकत गेली. हे मात्र मला आवडलं. जुन्या माणसाकडून काम शिकून घेऊन मगच त्याला घरी पाठवायचं, ही पद्धत आमच्या जिल्हा परिषदेतही असायला हवी होती. मी तिथून कार्यालय अधीक्षक म्हणून निवृत्त झालो, आणि माझ्या जागी आलेल्यानं कपाटाच्या किल्ल्या सोडून मला काही विचारलं नाही.

शेवटी मुलानं 'सीन' बसवले. 'मालिका' दाबलं की टीव्ही चालू, डिश चालू, साऊंडबार चालू, पंखा तीनवर. 'झोप' दाबलं की हे सगळं बंद आणि आतल्या खोलीतला एसी चालू. (आतल्या खोलीत दुसरी डबी लागली, कारण रिमोट ज्यावर चालतात ते न दिसणारे इन्फ्रारेड किरण भिंतीपलीकडे जात नाहीत. ती दुसऱ्या पार्सलातून आली.) त्याच संध्याकाळी हिनं 'मालिका' दाबलं आणि सगळं एका दमात सुरू झालं. ही म्हणाली, "बघा, मुलगा शिकल्याचं काहीतरी सार्थक झालं." हा टोमणा मला होता.

दुसऱ्या दिवशी कामाच्या मावशींनी पोळ्या करता करता टीव्ही लावला होता. माळ्यावरून रिमोट कसा खाली आला हे आम्ही विचारलं नाही. सातला हिनं 'मालिका' दाबलं. टीव्ही बंद झाला, डिश चालू झाली. पुन्हा दाबलं. टीव्ही चालू झाला, डिश बंद पडली. साऊंडबार मधल्या मध्ये निळा-लाल होत राहिला आणि मालिकेत कोणाचं तरी लग्न मोडलं ते आमच्या घरात कोणाला कळलं नाही.

मुलाला फोन लावला. त्यानं सांगितलं ते असं, की टीव्हीच्या रिमोटवर चालूचं आणि बंदचं बटण एकच असतं आणि दोन्हींसाठी किरणांतून जाणारी खूणही एकच. हब ती खूण पाठवतं आणि आपल्या दप्तरी लिहून ठेवतं, की टीव्ही चालू केला. टीव्ही खरोखर चालू झाला का, हे त्याला दिसत नाही. टीव्ही उलट काही सांगत नाही. काही कंपन्या चालूला वेगळी आणि बंदला वेगळी खूण देतात म्हणे. आमची देत नाही.

एवढं ऐकल्यावर मला पुढचं काही समजावून सांगायची गरज उरली नाही. ज्या कार्यालयात नोकरी संपली, तिथे हेच होतं. जावक नोंदवही अप टु डेट. पत्र लिहिलं, जावक क्रमांक पडला, काम झालं. तालुक्याला ते पोहोचलं का, पोहोचलं तर कोणी उघडलं का, याची पोच कोणी मागवायची नाही. वर अहवाल जायचा, 'कार्यवाही करण्यात आली'. या डबीला आवक खातंच नाही. तिचं अ‍ॅप म्हणजे सुवाच्य अक्षरातली जावक नोंदवही, आणि माझा मुलगा त्या नोंदवहीवर विश्वास ठेवून सातशे किलोमीटरवरून आमचं घर चालवत होता.

एसीचा कारभार तर याहून वरचा. एसीचा रिमोट नुसतं 'एक अंश वाढव' असं कळवत नाही; प्रत्येक दाबाला तो सगळं पत्र नव्यानं पाठवतो. चालू, थंड, 24, वारा मध्यम, झडप वरखाली. (24 हे केंद्राच्या नियमाप्रमाणे, 2020 पासून नवे एसी सुरू होताना तिथेच सुरू होतात.) त्यामुळे माझ्या अ‍ॅपमध्ये 24, हिच्या उशाशी असलेल्या रिमोटच्या काचेवर मागच्या आठवड्याचे 21, आणि एसी ज्याचं पत्र शेवटचं आलं त्याचं ऐकणार. ही मध्यरात्री गारठून एक अंश वाढवायला जायची आणि 24 चे 22 व्हायचे. आणखी गारठा, आणखी एक दाब. मी उठून अ‍ॅपवर पाहायचो. तिथे 24. "अगं, चोवीसच आहे." यावर ही जे बोलायची ते इथे लिहीत नाही.

मधल्या काळात एका सकाळी पंखा तेवढा ऐकत होता, पण टीव्ही आणि डिश दोघंही ऐकेनात. मुलानं तिकडून अ‍ॅप काढायला लावलं, परत घालायला लावलं, राऊटर बंद-चालू करायला लावला. दुपारी मावशी शोकेस पुसायला आल्या आणि त्यांनी डबीवरचा क्रोशाचा रुमाल उचलला. पुढच्याच दाबाला टीव्ही सुरू. धूळ बसते म्हणून हिनं तो घातला होता. या घरात फोन, मिक्सर, शिलाई मशीन कोणीही उघड्या अंगानं राहिलेलं नाही, डबी तरी कशी राहील? किरणांपैकी जे विणीच्या भोकांतून निसटले ते पंख्यापर्यंत गेले, बाकीचे रुमालात अडकले.

रिकामा वेळ भरपूर असल्यामुळे मी या विषयाच्या मुळाशी गेलो. 1955 साली अमेरिकेतल्या झेनिथ कंपनीच्या यूजीन पॉली या इंजिनिअरनं टीव्हीसाठी बिनतारी रिमोट काढला. तो उजेडावर चालायचा. पडद्याच्या चार कोपऱ्यांत उजेड ओळखणारी नेत्रं. ज्या कोपऱ्यावर झोत टाकाल ते काम होणार. पण उन्हाची तिरीप आली तरी ते होणार! म्हणजे चॅनेल कोण बदलतंय यावरून भांडण्याची सोय तेव्हाच झाली होती. पुढच्याच वर्षी त्याच कंपनीच्या रॉबर्ट अ‍ॅडलरनं सेल न लागणारा रिमोट आणला. बटण दाबलं की आत इवलासा हातोडा अ‍ॅल्युमिनियमच्या कांडीवर बसायचा आणि माणसाला ऐकू न येणारा नाद टीव्ही ऐकायचा. माझ्या मते हा विषय तिथेच थांबवायला हवा होता. नंतर इन्फ्रारेड आलं, आणि घरात यंत्रं वाढली तसे रिमोट वाढले. 1987 साली तर अ‍ॅपलच्या संस्थापकांपैकी एक, स्टीव्ह वॉझ्नियाकनं सगळ्यांचा मिळून एक रिमोट बाजारात आणला. एवढा मोठा माणूस या भानगडीत पडला हे वाचून मला मुलाबद्दल थोडी सहानुभूती वाटली.

एक उपयुक्त गोष्ट मात्र हाती लागली. रिमोटचा दिवा डोळ्यांना दिसत नाही, सेकंदाला 38 हजार वेळा लुकलुकतो तरी दिसत नाही. पण तो मोबाईलच्या सेल्फी कॅमेऱ्यासमोर धरून बटण दाबलं की पडद्यावर जांभळट ठिपका दिसतो. ठिपका नाही, तर सेल गेले. ही आता चोळण्याआधी सेल तपासते.

पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्यात जेसीबीनं केबल तोडली आणि नेट गेलं. त्याबरोबर पंखा गेला. म्हणजे पंख्याला वीज होती, डबीला वीज होती, मोबाईल माझ्या हातात होता; पण सोफ्यावरून दिलेला हुकूम आधी कुठल्या तरी दूरच्या सर्व्हरवर जातो आणि तिथून परत शोकेसवरच्या डबीकडे येतो. शेजारच्या टेबलावर द्यायचा कागद मंत्रालयामार्फत पाठवायचा, ही रीत सरकारनंच काढली असं मी समजत होतो. ही उठली, भिंतीवरचं बटण बंद करून परत चालू केलं, पंखा फिरायला लागला.

आणि मग ती रात्र. एकच्या सुमाराला हिनं मला हलवलं. "अहो, हॉलमध्ये कोणीतरी आहे." कान दिला. एक नव्हे, सहा जण होते, आणि सगळे एकाच वेळी ओरडत होते. मी दाराआडची काठी घेतली. ही माझ्या मागे, हातात एसीचा रिमोट. दार ढकलून पाहतो तर अख्खा हॉल निळा उजळलेला आणि टीव्हीवर सहा चौकटींत सहा प्रवक्ते आदल्या संध्याकाळची चर्चा पुन्हा करत होते. तेवढ्यात फोन वाजला.

"बाबा, जागे आहात? तुमचा टीव्ही चालूच राहिला होता. मी इथून बंद केलाय. झोपा आता निवांत."

संध्याकाळी मी टीव्ही अ‍ॅपवरून लावला होता आणि हिनं जुन्या रिमोटनं बंद केला होता. जावक नोंदवहीत तो चालूच. मी म्हटलं, "अरे, आता पुन्हा एकदा बंद कर." त्यानं केला. सहाही प्रवक्ते गप्प झाले.

"बाबा, आता माझ्याकडे चालू दाखवतंय."

"दाखवू दे!" ही मागून ओरडली.

सकाळी मी दोनशे पानी वही आणली, आडव्या-उभ्या रेघा मारल्या आणि टीव्हीखाली दोरीला पेन बांधून ठेवली. आवक नोंदवही. अनुक्रमांक, वेळ, यंत्र, काय केले, सही, शेरा. ज्यानं कोणी हातानं किंवा जुन्या रिमोटनं काही चालू-बंद केलं, त्यानं नोंद करायची. झोपण्यापूर्वी त्या पानाचा फोटो मुलाला व्हॉट्सअ‍ॅप करायचा आणि त्यानं तिकडे बसून अ‍ॅप दुरुस्त करायचं. गलेलठ्ठ पगाराचा सॉफ्टवेअर इंजिनिअर रोज रात्री दहाला माझ्या हाताखाली लिपिक म्हणून बसतो, याचा मला जो आनंद आहे तो मी त्याला कळू दिलेला नाही.

मावशी शिस्तीच्या. 'टीव्ही लावला. पोळ्या.' अशी नोंद आणि सही रोज असते. ही फक्त शेऱ्याचा रकाना भरते. 'पाय गार पडले.' 'पंखा कुरकुरतो, तेल कोण घालणार?' 'रुमाल धुवायला टाकला आहे, डबीने एक दिवस सहन करावे.' परवा रात्री फोटो गेला नाही, दीडच्या सुमाराला हॉलमध्ये पुन्हा प्रवक्ते जमले. सकाळी वही उघडली, तर हिच्या अक्षरात ओळ होती : 'रात्री 10.15. टीव्ही हाताने बंद केला. पेन दिसले नाही म्हणून नोंद आज करीत आहे. शेरा : पोच द्यावी.'