पाळी आणायचा काढा मांडण्याआधी

आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात कोणाची पाळी आठ-दहा दिवस लांबली की घरातली मोठी बाई चुलीवर गंज (पातेलं) चढवते. काळे तीळ ठेचायचे, त्यात ओवा, बाळंतशोपा आणि गुळाचा मोठा खडा टाकायचा. पाणी आटून निम्मं झालं की गाळायचं आणि सकाळी अनशापोटी गरम गरम प्यायचं. तीन दिवस. कोणी कच्ची पपई खायला सांगते, कोणी गाजराचं बी. शाळेत असताना मीही हा काढा प्यायली आहे. तिळागुळाशी माझं भांडण नाही.

माझं म्हणणं आहे ते पाळी का आली नाही हे न विचारता काढा देण्याबद्दल.

माझ्या धाकट्या जावेची गोष्ट सांगते, तिला विचारूनच लिहीत आहे. तेव्हा मी आशा, म्हणजे गावातली आरोग्यसेविका, झाली नव्हती. कापूस वेचायचे दिवस होते, तिला पाळी येऊन दीड महिना झाला होता. सासूबाईंनी काढा मांडला. तिसऱ्या दिवशी थोडा काळपट डाग दिसला आणि सासूबाई म्हणाल्या, "आली न वो पाळी! म्या म्हटलं होतं, हा काढा खाली जात नाही." सगळे निर्धास्त झाले. पोटात एका बाजूनं दुखत होतं, तेही पाळीचंच समजलो. चौथ्या दिवशी वावरातून येऊन ती उंबऱ्यावर बसली आणि मला म्हणाली, "ताई, माहा खांदा काहून दुखून राह्यला वो?" मी म्हटलं, ओझ्यानं दुखत असेल. उठायला गेली आणि तिथंच चक्कर येऊन पडली. हात लावला तर अंग गार.

गर्भ पिशवीत नव्हता, नळीत होता. नळी फुटून पोटात रक्त साचलं होतं. पोटातलं रक्त वर छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला लागलं की खांदा दुखतो, हे मला दवाखान्यात कळलं. ऑपरेशन झालं, रक्त चढवलं, ती वाचली. काढ्यानं नळी फुटली असं मी म्हणत नाही. काढ्यानं आमचे चार दिवस घालवले. तो डाग पाळीचा नव्हताच.

मग कित्येकींना काढ्यानं पाळी येते ती कशी? बीज सुटल्यावर साधारण चौदा दिवसांनी पाळी येते. उपास, आजारपण, टेन्शन, उन्हातान्हातली मजुरी, यानं बीजच उशिरा सुटतं, म्हणून पाळीही उशिरा येते. ती येणारच असते, नाव काढ्याचं होते. आणि दर महिन्यालाच लांबत असेल तर थायरॉइड असू शकतो, पीसीओडी हा बीजकोशाचा आजार असू शकतो. तो तिळानं जात नाही.

बायांना तपासायला कोणी नेतच नाही, हे खरं दुखणं. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या ६५० बाया तपासल्या होत्या, तो अभ्यास १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या डॉक्टरी मासिकात आला. ९२ टक्के बायांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता, आणि आधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के. ते वाचलं तेव्हा मला माझी सगळी गल्ली डोळ्यांपुढं दिसली.

आणखी एक, हे कोणी मोठ्यानं बोलत नाही. 'पाळी आणायचा' म्हणून मागितलेला काढा पुष्कळदा दिवस गेल्याच्या भीतीनं मागितलेला असतो. त्यासाठी चित्रक या झाडाचं मूळ वापरणाऱ्या बाया आहेत. ते नुसतं कातडीला लागलं तरी फोड येतात, आत काय होत असेल! बायांनो, गर्भपाताचा कायदा १९७१ पासून आहे. १८ वर्षांवरच्या बाईला नवऱ्याची सही लागत नाही, लग्न झालेलं असो की नसो, आणि डॉक्टरनं तिचं नाव गुप्त ठेवायचं असतं. कोणी सही मागत असेल तर मला सांगा, मी सोबत येते.

दिवस गेलेत का हे पाहायची निश्चय किट आशाकडे फुकट असते. सकाळच्या पहिल्या लघवीचे दोन-तीन थेंब टाकायचे, पाच मिनिटांत कळते. दोन रेघा आल्या आणि सोबत डाग, एका बाजूला दुखणं किंवा चक्कर असेल, तर घरी थांबायचं नाही. रात्र असो की पोळा असो, १०८ ला फोन करायचा.

सासूबाई अजूनही काढा मांडतात. मागच्या महिन्यात शेजारची पोरगी विचारायला आली, तर तिला ओसरीतूनच म्हणाल्या, "आधी मोठ्या सुनेपाशी जाऊन ये. मंग मी गंज चढवतो."