तबस्सुम यांनी स्वतःची शेवटची बातमी दाबून ठेवली, आणि बरंच केलं

१८ नोव्हेंबर २०२२, शुक्रवार. टीव्हीवर नटनट्यांच्या मुलाखती घेणाऱ्या तबस्सुम मुंबईत वारल्या. चॅनलवर बातमी आली ती दुसऱ्या दिवशी, अंत्यविधी उरकल्यावर. आईचीच तशी इच्छा होती, असं मुलगा होशांग गोविल यांनी सांगितलं. त्यानंतर पाचच दिवसांनी, २३ तारखेच्या रात्री, पुण्यात हॉस्पिटलमध्ये असलेल्या विक्रम गोखल्यांना जिवंतपणी श्रद्धांजल्या वाहून झाल्या. हिंदीतल्या बड्या नटांचे ट्वीट पडले. शेवटी घरच्यांना सांगावं लागलं की, अहो, ते आहेत अजून. गोखले गेले २६ ला.

एकाच आठवड्यातल्या या दोन गोष्टी माझ्या डोक्यातून जात नाहीत. आपल्याकडे टीव्हीवरच्या फिल्मी पत्रकारितेची सुरुवात ज्या बाईंनी केली, त्यांना या धंद्याचं पुढे काय झालंय हे पुरेपूर कळलं होतं, असं माझं मत आहे. पुरावा मागू नका, मत आहे.

आता कुणीतरी म्हणणारच, तबस्सुम आणि पत्रकार? केसात फूल माळून खिदळत विनोद सांगणारी बाई? हो, पत्रकारच. आई असगरी बेगम स्वतः लिहिणाऱ्या, पत्रकार आणि स्वातंत्र्यसैनिक. वडील अयोध्यानाथ सचदेव, तेही स्वातंत्र्यसैनिक. म्हणजे लेखणी घरातच होती. ‘गृहलक्ष्मी’ या हिंदी मासिकाच्या त्या १५ वर्षं संपादक होत्या, हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो. बाई हसतमुख असली की तिचं काम हलकं, हा हिशेब आपल्याकडे फार जुना आहे.

२ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं आणि त्याच वर्षी तबस्सुम यांचा नटनट्यांच्या मुलाखतींचा कार्यक्रम ‘फूल खिले हैं गुलशन गुलशन’ आला. १९९३ पर्यंत चालला. २१ वर्षं! एवढ्या काळात ब्लॅक अँड व्हाइटचं कलर झालं, आमच्यासारख्यांच्या घरात शेजाऱ्यांच्या दारात न बसता टीव्ही बघायची सोय झाली, कार्यक्रम आपला चालूच. आमच्या मराठी घरांत एकीकडे सुहासिनी मुळगावकरांचं ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ अदबीने बघितलं जायचं, आणि तबस्सुम सुरू झाल्या की स्वयंपाकघरातून आई हात पुसत बाहेर यायची.

त्या मुलाखतींत त्यांनी कुणाला कोंडीत पकडलंय असं मला आठवत नाही. हा दोष आहेच, नाकारत नाही. कितीतरी प्रश्न विचारायला हवे होते. पण समोरचा माणूस मोकळा बसायचा, याचं कारण त्या त्याच घरातल्या होत्या. १९४७ सालच्या ‘नर्गिस’पासून कॅमेऱ्यासमोर. ‘दीदार’मधलं ‘बचपन के दिन भुला न देना’ आठवा, त्यातली ती लहान मुलगी म्हणजे बेबी तबस्सुम. ‘बैजू बावरा’त छोटी मीनाकुमारीही त्याच. सेटवरची भूक, झोप, रुसवेफुगवे यांचं त्यांना काय कौतुक असणार?

गंमत बघा, १९७१ मध्ये याच मुंबईत ‘स्टारडस्ट’ हे फिल्मी मासिक निघालं होतं आणि त्याच्या संपादक आपल्या शोभा राजाध्यक्ष, म्हणजे पुढच्या शोभा डे. एक बाई नटनट्यांच्या भानगडी खमंग भाषेत छापतेय, दुसरी त्याच नटनट्यांना हसवत बोलतं करतेय. त्या काळात दोन्ही चाललं. खासगी चॅनल आल्यावर टीव्हीने यातला कुठला वाण उचलला ते सांगायला नको. तोही नीट उचलला असता तर एक वेळ चाललं असतं. ‘स्टारडस्ट’ची भाषा तरी धारदार होती.

घर आणि धंदा यांची सरमिसळ हा मात्र तबस्सुम यांच्या बाबतीत नाजूक मामला आहे. नवरा विजय गोविल. धाकटे दीर अरुण गोविल, तेच, ‘रामायण’मधले राम. दिराची निर्माते ताराचंद बडजात्यांशी ओळख वहिनींनी करून दिली आणि १९७७ ला ‘पहेली’ हा सिनेमा मिळाला. १९८५ ला ‘तुम पर हम कुर्बान’ काढला तो स्वतःच निर्माती-दिग्दर्शक होऊन, लेकाला हिरो करायला. ज्यांच्या मुलाखती घ्यायच्या त्यांच्याच बाजारात आपला मुलगा उभा करायचा, हे आजच्या पत्रकारितेच्या वर्गात शिकवलं तर नापासच करतील. मलाही ते खटकतं. पण वहिनीने दिराचं काम करून देणं, आईने मुलासाठी पदरचे पैसे घालणं, हे आपल्या किती घरांत होत नाही? त्यांनी ते कधी लपवलंही नाही. होशांग यांचं हिरो म्हणून फारसं जमलं नाही. पुढे सत्तरी ओलांडल्यावर बाईंनी यूट्यूबवर ‘तबस्सुम टॉकीज’ सुरू केलं आणि पुन्हा जुन्या गोष्टी सांगायला बसल्या. रिटायर होणं रक्तात नव्हतं.

२०२१ च्या एप्रिलमध्ये त्यांना कोविड झाला. लगेच अफवा उठली की त्यांना अल्झायमर झालाय. लेकाला पुढे येऊन सांगावं लागलं, तसं काही नाही. दुसऱ्यांची आयुष्यभराची आठवण जिच्या तोंडपाठ, तिची स्मृती गेल्याची बातमी! मला वाटतं, शेवटची बातमी उशिरा द्या हे सांगण्यामागे कुठेतरी हेही असावं.

हे सगळं मी माझ्या भाचीला ऐकवलं. ती एका न्यूज चॅनलला एंटरटेनमेंट बीट करते, म्हणजे सिनेमा-टीव्हीवाल्यांच्या बातम्या. लोकांना वाटतं प्रीमियर, पार्ट्या आणि सेल्फी. प्रत्यक्षात निम्मा वेळ हॉस्पिटल, स्मशान आणि बिल्डिंगच्या गेटबाहेर बूम, म्हणजे चॅनलचा माइक, धरून उभं राहणं. रात्री पोर झोपवताना ऑफिसातल्या न्यूज डेस्कचा फोन: ‘दुसरीकडे चाललंय, कन्फर्म कर.’ कन्फर्म कुणाकडून करायचं? ज्यांचं माणूस आत शेवटच्या घटका मोजतंय त्यांच्याकडूनच ना? तो फोन करताना आपला आवाज कसा ठेवायचा हे तिला कुणी शिकवलेलं नाही. घरात सासू म्हणते, हिला काय, हिचं काम मज्जेचं.

माझं तबस्सुमपुराण ऐकून ती म्हणाली, “मामा, तुझ्या त्या काळात चॅनल एकच होतं रे. शेजारच्या चॅनलने बातमी आधी चालवली, ही भानगडच नव्हती.”

बरोबर आहे तिचं. पण मग मला एवढंच कुणी सांगावं, की गोखल्यांच्या त्या रात्री आधी चालवून नक्की कुणाला काय मिळालं? किती टीआरपी, किती मिनिटांचा? या बीटवरचं कुणी माझ्या यादीत असेल तर खाली लिहा. मला शिव्या घातल्या तरी चालतील, फक्त त्या रात्री डेस्कवर ‘थांबा’ म्हणणारं एक तरी माणूस होतं का, ते सांगा.