दृष्ट काढायची तर मोबाइलची काढा

काल रात्री परत तेच. अडीच वाजता पोरगं ताडकन उठून बसलं, "पप्पा, ते निळं आलं!"

आम्ही बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातले. इथल्या रानात खरीखुरी अस्वलं फिरतात, त्यांचं ह्याला काही नाही. भ्यायचं कुणाला, तर हगी वगीला! लांबलचक हात, निळी केसाळ कातडी, तोंडभर सुळे. २०२१ च्या एका हॉरर गेममधलं हे ध्यान. दिसायला टेडी, म्हणून पोरांच्या व्हिडिओत बिनदिक्कत घुसतं. मागच्या जत्रेत तर त्याची बाहुलीसुद्धा टांगलेली!

मी लावून दिलं होतं मराठी बडबडगीत. ऑटोप्लेनं त्याच्या मागनं एक कन्नड गाणं आणलं (ते चांगलं होतं की), मग कसलंसं कार्टून, आणि चौथ्याला हे महाशय हजर. वर फोटो रंगीत फुग्यांचा! ऑटोप्ले बंद केला, तर पोरगंच बोटानं सुरू करतंय.

"मोबाइल देऊच नका" म्हणणाऱ्यांनी एकदा आमच्याकडं येऊन भाकऱ्या होईपर्यंत ह्याला सांभाळावं.

सकाळी आई मीठ-मोहऱ्या घेऊन आली, पोराला नजर लागलीय म्हणे. काढ गं आई, पण त्या मोबाइलवरनं उतरून टाक.