ओल आणि तिचे निदान

भिंतीवर ओलीचा डाग उमटला की घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाच्या अंगात एक स्थापत्यविशारद संचारतो. एक जण बोटाने भिंत ठोकतो, पोकळ आवाज ऐकून मान हलवतो आणि पाणी गच्चीतूनच येत असल्याचा निर्वाळा देतो. दुसरा तितक्याच ठामपणे भिंतीतला नळ फुटल्याचे सांगतो. तिसरा गप्प असतो, कारण त्याच्या घरी याहून मोठा डाग आहे आणि आमचा डाग त्याच्या खिजगणतीतही नाही.

खरी पंचाईत अशी की पाणी जिथे शिरते तिथे ते सहसा तोंड दाखवत नाही. कठड्याच्या बुडाशी असलेल्या केसाएवढ्या भेगेतून ते आत जाते, स्लॅबच्या पोटातून वाट काढत निघते आणि भलत्याच खोलीत, शक्यतो पुस्तकांच्या कपाटामागे, प्रकट होते. ओल आतून झिरपते की खोलीतल्या हवेची वाफ गार भिंतीवर जमते, हे ओळखण्यासाठी भिंतीवर ॲल्युमिनियमच्या कागदाचा तुकडा चारही कडा चिकटवून दोन दिवस ठेवावा. त्याची भिंतीकडची बाजू ओली झाली तर झिरप, खोलीकडची झाली तर वाफ. आमच्या कागदाच्या दोन्ही बाजू ओल्या निघाल्या.

बुरशीची तऱ्हा आणखी वेगळी. तिचे बीजाणू हवेत बारमाही असतात, त्यामुळे ती बाहेरून आली असे म्हणून कोणावर ठपकाही ठेवता येत नाही; ओलावा 24 ते 48 तास टिकला की ती संसार थाटू शकते. रोजच्या चपलांना ती शिवत नाही, पण समारंभासाठी जपून ठेवलेल्या बुटांवर मात्र मखमल चढवते. आर्द्रता साठ टक्क्यांच्या खाली ठेवावी म्हणून मी आर्द्रतामापक आणला, आणि तो नव्वदचा आकडा दाखवू लागला, जो वाळत घातलेले टॉवेल आम्हाला फुकट सांगतच होते. खिडक्या उघडून हवा खेळती ठेवावी, तर मुसळधार पावसात बाहेरची हवा आतल्याहून ओली असते. या प्रश्नावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत, आणि दोघांच्या मधे ती खिडकी दिवसभर उघडझाप करत असते.

डागावर रंग फासण्याचा सोपा उपाय मी विचारातही घेत नाही, कारण ओल्या गिलाव्यावरचा रंग फुगून त्याचे पोपडे पडतात. मूळ दुरुस्ती गच्चीतच करावी लागते आणि ती कोरड्या दिवसांतच होते, म्हणून भर पावसात कारागीर येत नाही. उन्हाळ्यात येतो, तेव्हा डाग वाळून पुसट झालेला असतो आणि तो विचारतो, "गळतं कुठं?"

मग गच्चीतली पाणी जाण्याची तोंडे बंद करून तिथे तळे साठवले जाते. वर्षभर जिच्या नावाने बोटे मोडली, ती ओल यावी म्हणून भर उन्हाळ्यात सगळे घर भिंतीकडे डोळे लावून बसते. अखेर कोपरा काळवंडला, तेव्हा आम्ही आनंदाने ओरडलो. कारागिराने खडूने खूण केली, तळे मोकळे केले आणि शांतपणे सांगितले, "आता हे पूर्ण वाळलं की कामाला लागतो. पाऊस लवकर नाही आला म्हणजे मिळवली."