‘मोबाइलवरच्या गप्पांनी नैराश्य जात नाही’ म्हणणाऱ्या संदेशाला उत्तर

नाशिकमधल्या सोसायट्यांच्या, ज्येष्ठ नागरिक संघांच्या आणि मधुमेहींच्या व्हॉट्सअॅप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: ऑनलाइन समुपदेशन म्हणजे पैसे देऊन मारलेल्या गप्पा, मधुमेह, किडनी किंवा संधिवाताच्या रुग्णाला उदास वाटणे साहजिकच आहे, त्यासाठी वेगळ्या उपचाराची गरज नाही, पडद्यापलीकडच्या माणसापाशी मन मोकळे होत नाही, तिथे सांगितलेले सगळे बाहेर फुटते, आणि वेळप्रसंग आला तर हे ऑनलाइनवाले धावून येणार नाहीत. तेव्हा पैसे वाचवा, गोदाकाठी फिरायला जा आणि चार माणसांत बसा, असा सल्ला शेवटी दिला आहे. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसावा, आणि त्याचा एक मुद्दा बराचसा खराही आहे. परंतु जो आजारी माणूस मदत मागावी की नाही या विचारात आहे, त्याच्या हातात हा संदेश पडला तर तो गप्प बसण्याचीच शक्यता अधिक. म्हणून त्याला सविस्तर उत्तर देणे आवश्यक वाटते.

सर्वांत घातक मुद्दा ‘साहजिक आहे’ हा आहे, कारण तो सहानुभूतीच्या रूपाने येतो. आयुष्यभर सोबत राहणारा आजार निघाला की माणूस खचतो, चिडतो, रात्र-रात्र जागतो. यात विकृत काही नाही आणि त्यातले बरेच जण काही काळाने सावरतात. नैराश्य हा आजार मात्र याहून वेगळा असतो. निदान दोन आठवडे, जवळजवळ रोज, दिवसाचा बहुतेक वेळ मन उदास राहणे, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत रस न उरणे, आपण घरच्यांवर ओझे आहोत असे वाटणे, पुढे काही चांगले घडेल यावरचा विश्वास उडणे, ही त्याची लक्षणे आहेत. मधुमेह असलेल्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण मधुमेह नसलेल्यांच्या सुमारे दुप्पट आढळते, हे अनेक अभ्यासांतून पुढे आले आहे. एखादी गोष्ट वारंवार आढळते म्हणून ती उपचारापलीकडची ठरत नाही; मधुमेहींच्या पायाला होणाऱ्या जखमाही वारंवार आढळतात, आणि त्या साहजिक आहेत म्हणून कोणी त्यांचे ड्रेसिंग टाळत नाही.

येथे एक खरी अडचण आहे आणि तिच्याविषयी संदेशात अवाक्षर नाही. थकवा, भूक मंदावणे, झोप बिघडणे, वजन उतरणे ही लक्षणे मूत्रपिंडाच्या विकारातही दिसतात आणि नैराश्यातही. थायरॉइडचे कार्य मंदावले, रक्त कमी झाले किंवा बी-१२ जीवनसत्त्व घटले तरी माणूस तसाच मलूल होतो. काही औषधेही मनावर परिणाम करतात: दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, किंवा औषधांना न जुमानणाऱ्या क्षयरोगात दिले जाणारे सायक्लोसेरीन. म्हणून दीर्घ आजार असलेल्या माणसाने ऑनलाइन सत्र सुरू करण्यापूर्वी किंवा त्याच्या जोडीने आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून तपासण्या करून घेणे आणि समुपदेशकाला औषधांची संपूर्ण यादी सांगणे अगत्याचे आहे. जो समुपदेशक पहिल्या सत्रात शारीरिक आजाराविषयी एकही प्रश्न विचारत नाही, त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उपचार न केल्यास काय होते, हेही पाहण्यासारखे आहे. मन खचलेला माणूस इन्सुलिनची वेळ चुकवतो, पथ्य सोडतो, फिरणे बंद करतो. त्यामुळे साखर वाढते, अंगातली शक्ती जाते, आणि ‘मी काहीही केले तरी उपयोग नाही’ ही समजूत आणखी घट्ट होते. हे चक्र तोडता येते, याचा पुरावा आपल्याच देशात आहे. दिल्ली, चेन्नई, बंगळुरू आणि विशाखापट्टणम येथील चार मधुमेह दवाखान्यांतल्या ४०४ रुग्णांवर झालेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. अनियंत्रित मधुमेह आणि नैराश्य दोन्ही असलेल्या या रुग्णांपैकी निम्म्यांच्या जोडीला प्रशिक्षित समन्वयक दिले होते. ते रुग्णांच्या संपर्कात राहून त्यांना आधार देत आणि तज्ज्ञांशी चर्चा करून उपचारांत बदल सुचवत. दोन वर्षांनी नैराश्य आणि मधुमेहाशी निगडित मोजमापे या दोहोंत मिळून त्या गटाची सुधारणा नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा सरस ठरली. ही व्यवस्था निव्वळ ऑनलाइन नव्हती, हे खरे. पण मनाचा उपचार शरीराच्या उपचाराशी जोडला की दोन्हींना फायदा होतो, हे त्यातून दिसते.

आता ‘गप्पां’कडे वळू. ज्याला मानसोपचार म्हणतात त्याला आराखडा असतो. सुरुवातीला अनेकदा नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतात. शून्य ते २७ गुणांच्या या प्रश्नावलीत दहा किंवा अधिक गुण आले तर पुढे नीट तपासणी करावी असा संकेत आहे, आणि नववा प्रश्न थेट स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी असतो. त्यानंतर दर आठवड्याला ठरवून काम होते. ज्याचे आठवड्यातले दोन-तीन दिवस डायलिसिसच्या खुर्चीत चार-चार तास जातात, त्याच्यासोबत बसून समुपदेशक उरलेल्या दिवसांचे वेळापत्रक मांडतो: कोणत्या वेळी अंगात त्राण असते, त्या वेळेत झेपेल असे कोणते छोटे काम ठेवायचे, ते केल्यावर मनाला काय वाटले याची नोंद कशी करायची. त्याच नोंदींतून ‘आता माझ्या हातून काहीच होत नाही’ या विचाराची परीक्षा घेतली जाते. असे काम फोनवरून किंवा व्हिडिओवरून करता येणार नाही, असे म्हणायला मला तरी कारण दिसत नाही.

मात्र या मुद्द्यात एक फरक करायला हवा. माणसाची सोबत नसलेली, आपली आपण वापरायची संगणकीय उपचारपद्धती पुष्कळदा फोल ठरते. इंग्लंडमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत असे दोन तयार कार्यक्रम नेहमीच्या डॉक्टरी उपचारांच्या जोडीला देऊनही रुग्णांचा विशेष लाभ झाला नाही, कारण बहुतेकांनी ते अर्ध्यावरच सोडले. याउलट दर आठवड्याला कोणी प्रशिक्षित व्यक्ती विचारपूस करते, शंका सोडवते, तिथे परिणाम चांगले दिसतात. विशेषतः नैराश्य मध्यम किंवा तीव्र असेल तर या सोबतीचा फरक ठळकपणे जाणवतो. तेव्हा ‘अॅप डाउनलोड करा आणि आनंदी व्हा’ अशा जाहिरातींवर संदेशकर्त्याने टीका केली असती, तर मी तो संदेश स्वतः पुढे पाठवला असता.

पडद्यापलीकडे मन मोकळे होत नाही, हा समज सर्वदूर आहे. अमेरिकेत ३२५ नैराश्यग्रस्तांवर झालेल्या आणि २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत निम्म्यांना समोरासमोर आणि निम्म्यांना केवळ टेलिफोनवर, म्हणजे चेहराही न दिसता, तोच मानसोपचार दिला गेला. उपचार संपताना दोन्ही गटांची सुधारणा जवळपास सारखी होती. समोरासमोर उपचार घेणाऱ्यांपैकी सुमारे ३३ टक्के लोक मध्येच गळाले, टेलिफोनवरच्या गटात हे प्रमाण सुमारे २१ टक्के होते. सहा महिन्यांनंतर समोरासमोरचा गट थोडा पुढे होता, हेही सांगायला हवे. प्रत्यक्ष भेटीचे मोल कोणी नाकारत नाही.

पण नाशिक जिल्ह्यात तुलना नेमकी कशाशी करायची? १५ तालुक्यांच्या या जिल्ह्यात मानसोपचारतज्ज्ञ मुख्यतः शहरात आहेत, आणि राज्यातली चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. सुरगाण्यातल्या किंवा पेठमधल्या संधिवाताच्या रुग्ण बाईला तासाभराच्या सत्रासाठी नाशिकला यायचे तर एसटीच्या घाटरस्त्याच्या प्रवासात अख्खा दिवस जातो, सोबत येणाऱ्याची मजुरी बुडते, आणि सांधे सुजलेले असतील तर ती येतच नाही. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात नैराश्य असलेल्या दर शंभरांपैकी सुमारे ८५ जणांपर्यंत उपचार पोहोचत नसल्याचे आढळले होते. सर्वेक्षणाच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण सुरगाण्याचे चित्र त्याहून उजळ असेल असे मानायला आधार नाही. अशा बाईपुढे निवड असते ती फोनवरचा समुपदेशक की कोणीच नाही, एवढीच. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या ‘टेली मानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे. तो चोवीस तास चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते आणि साध्या बटणांच्या फोनवरूनही लागतो. बागलाणात घरी अहिराणी बोलणाऱ्या बाईला प्रमाण मराठीत दुःख मांडताना अडखळायला होते ही उणीव उरतेच. पण ती शहरातल्या दवाखान्यातही तशीच उरते.

गुप्ततेच्या भीतीला आधार आहे. एका बड्या अमेरिकी ऑनलाइन समुपदेशन कंपनीने ग्राहकांची माहिती जाहिरातींसाठी समाजमाध्यम कंपन्यांना दिली, म्हणून तिला तेथील सरकारी आयोगाने २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरायला लावले. फिनलंडमध्ये हजारो रुग्णांच्या मानसोपचाराच्या नोंदी आधी चोरल्या गेल्या आणि २०२० साली त्यांच्या जोरावर रुग्णांना धमकावले गेले. मात्र त्या नोंदी प्रत्यक्ष केंद्रांत जाऊन घेतलेल्या उपचारांच्या होत्या. माहिती फुटण्याचा धोका ती कोठे आणि कशी साठवली आहे यावर ठरतो, सत्र खोलीत झाले की पडद्यावर यावर नाही. आपल्याकडे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम २३ ने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. माझ्या मते मोठी अडचण घरातच असते. सिडकोतल्या दोन खोल्यांच्या घरात सासूबाई पलीकडे बसलेल्या असताना सून काय बोलणार? त्यावर गच्ची, उभी असलेली गाडी, इअरफोन, किंवा बोलण्याऐवजी लिहून संवाद असे मार्ग लोक काढतात. शिवाय ओळखीच्या माणसाने आपल्याला मनोविकारतज्ज्ञांच्या पायऱ्या चढताना पाहू नये, या धास्तीने कधीच न गेलेल्यांना फोनचाच आडोसा वाटतो.

कोणाशी बोलतो आहोत हे तपासणे मात्र रुग्णाच्या हाती आहे. ‘समुपदेशक’ ही पाटी कोणीही लावू शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते, तिचा क्रमांक मागावा. गोळ्या फक्त डॉक्टर लिहून देऊ शकतात, आणि नैराश्याच्या नेहमीच्या गोळ्यांचे व्यसन लागत नसले तरी त्या सल्ल्याशिवाय एकदम बंद करू नयेत.

फिरण्याच्या आणि माणसांत बसण्याच्या सल्ल्याशी माझे भांडण नाही. शारीरिक हालचाल आणि सहवास हे नैराश्याच्या उपचारांचेच भाग आहेत. अंथरुणातून उठण्याची इच्छाच या आजाराने हिरावलेली असते, आणि गुडघे सुजलेल्या माणसाला रामकुंडापर्यंत चालत जा म्हणणे त्याला अपराधी वाटायला लावते, एवढेच म्हणायचे आहे.

शेवटचा मुद्दा, वेळप्रसंगाचा, बराचसा मान्य आहे. आत्महत्येचे विचार येत असतील, भास होत असतील, खाणेपिणे सुटले असेल तर केवळ ऑनलाइन आधारावर विसंबू नये. दीर्घ आजारात हा धोका आडवळणानेही येतो: ‘आता डायलिसिस नको’, ‘इन्सुलिन कशाला घेऊ’ अशी वाक्ये घरचे वैतागाची समजून सोडून देतात, आणि त्यामागे उपचार होण्याजोगे नैराश्य असू शकते. म्हणूनच जबाबदार समुपदेशक पहिल्याच सत्रात रुग्णाचा पत्ता, जवळच्या एका व्यक्तीचा फोन आणि जवळच्या रुग्णालयाचे नाव लिहून घेतो. हे न विचारणाऱ्याला आपणच सांगावे. तातडीच्या वेळी ११२ वर फोन करावा, माणसाला एकटे सोडू नये, घरातली कीटकनाशके आणि जास्तीची औषधे त्याच्या हाताशी राहू देऊ नयेत, आणि त्याला त्र्यंबक नाक्याजवळच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात किंवा जे रुग्णालय जवळ असेल तेथे प्रत्यक्ष घेऊन जावे.